ब्रेकच्या सुट्या भागांची पारख

शहरांतील घरीं जेवणाच्या पानांत लिंबाची फोड पडते, तेव्हां तिच्या पाठीमागचा प्रवास सहसा कोणाच्या ध्यानांत येत नाहीं. अहिल्यानगर जिल्ह्यांतील श्रीगोंदा तालुका हा लिंबू, कांदा आणि ऊस यांचा मुलूख. तेथील माल पिकअप गाडींत भरावयाचा आणि रात्रींतून पुण्याकडे किंवा मुंबईकडे रवाना करावयाचा, हा अनेकांचा नित्यक्रम आहे. पूर्वीं बैल आवरण्यास गाडीवानाच्या हातांतील कासरा पुरत असे. आज बोरघाटाच्या उतारावर भरलेली पिकअप आवरण्याचें काम कांहीं मिलिमीटर जाडीच्या ब्रेकच्या अस्तरावर सोंपविलेलें असतें.

हें काम किती कठीण आहे, तें एका साध्या हिशेबावरून कळतें. गाडीचा वेग ताशीं ४० वरून ६० किलोमीटर झाला, म्हणजे दीडपट झाला, तर तिला थांबविण्याचें काम सव्वादोनपट होतें. ही सारी शक्ति उष्णतेच्या रूपानें अस्तरांत आणि त्याला घासणाऱ्या लोखंडांत उतरते. म्हणून अस्तर झिजतें, आणि तें बदलावें लागतें. खरा प्रश्न येथेंच उभा राहतो.

गाडीवाला स्पेअर पार्टच्या दुकानीं जाऊन 'बोलेरो पिकअपचे मागचे लायनर द्या' एवढेंच म्हणतो. पण त्या एका नांवाखालीं १.३ टन आणि १.७ टन अशा निरनिराळ्या क्षमतेच्या गाड्या विकल्या गेल्या आहेत. शिवाय कारखानदार वेळोवेळीं सुटे भागही बदलीत असतो. नांव हें गाडीचें आडनांव समजावें. तिची खरी ओळख म्हणजे सतरा अक्षरांकांचा चासी नंबर. तो आर.सी. बुकांत नमूद असतो आणि गाडीच्या सांगाड्यावर कोरलेला असतो. एक आणि शून्य यांच्याशीं घोटाळा होऊं नये म्हणून त्यांत आय, ओ आणि क्यू हीं रोमन अक्षरें वापरीत नाहींत, इतकी काळजी त्यामागें घेतलेली आहे. दुकानदारानें या नंबरावरून कंपनीच्या यादींतील भागाचा क्रमांक काढावा, आणि मगच डबा फोडावा.

दुसरी कसोटी म्हणजे जुना भाग नव्याच्या शेजारीं ठेवून पाहणें. रुंदी, जाडी, गोलाई, भोकें आणि स्प्रिंग अडकविण्याच्या जागा जुळल्या पाहिजेत. तरीही सर्वांत मोठी फसगत जो भाग बेमालूम बसतो त्याचीच होते. चाकांतील व्हील सिलिंडर व्यासानें दहा टक्के मोठा बसविला, तर शूवरील जोर एकवीस टक्के वाढतो. कारण जोर व्यासाच्या वर्गाच्या प्रमाणांत असतो. मग ऐन पावसांत मागचीं चाकें जाम होतात आणि गाडी आडवी घसरते. तोच सिलिंडर एकाच चाकांत वेगळा असला, तर गाडी एका बाजूस ओढूं लागते. म्हणूनच लायनर आणि पॅड नेहमीं एका आंसाच्या दोन्ही चाकांचे एकदम बदलतात.

ड्रमची गोष्ट अशीच आहे. खरवडलेला ड्रम लेथवर कातून गुळगुळीत करतात. पण त्यामुळें त्याचा व्यास वाढतो, आणि नेहमींचा लायनर मधोमध तेवढाच टेकतो. कमाल व्यासाचा आंकडा बहुधा ड्रमवर ओतलेला असतो, तर डिस्क प्लेटवर किमान जाडी लिहिलेली असते. ती मर्यादा ओलांडली कीं काटकसर संपली आणि धोका सुरू झाला. तेलाच्या बाबतींत डॉट ३ किंवा डॉट ४ यांपैकीं टांकीच्या झांकणावर जें लिहिलें असेल, तेंच घालावें. इंजिनाचें ऑईल चुकून गेलें, तर रबराचे वॉशर फुगून सारा ब्रेक निकामी होतो.

अधिक माल भरतां यावा म्हणून मागें जादा पाटा टाकण्याची चाल खेडोपाडीं आहे. पुष्कळ पिकअप गाड्यांत मागच्या आंसाला जोडलेला एक झडपेचा भाग असतो. गाडी ओझ्यानें जितकी दबते, तितका तो मागचा ब्रेक अधिक चालूं देतो. पाटा वाढला कीं गाडी दबत नाहीं. झडपेला ती रिकामी वाटते, आणि ओझें सर्वांत जास्त असतांना मागचा ब्रेक कमी पडतो. अशा गाडीस उत्तम लायनर घातले तरी दोष जात नाहीं.

ब्रेकच्या अस्तराचा धंदा काढणारा हर्बर्ट फ्रूड हा इंग्लंडांतील डर्बीशायरचा. तेथील उतारावर गाडीवान लांकडी ठोकळ्यांस जुने बूट ठोकून गाड्या आवरीत, हें पाहून त्याला ही कल्पना सुचली, असें सांगतात. १८९७ मध्यें त्यानें फेरोडो हा कारखाना काढला. जुन्या बुटाचा काळ गेला. पण हाताला येईल तें ठोकून द्यावें, ही वृत्ति अजून गेलेली नाहीं.

चुकीचा भाग दुकानांत बोलत नाहीं, गॅरेजच्या सपाट अंगणांतही बोलत नाहीं. तो बोलतो घाटांत, भरल्या गाडीनिशीं, आणि तेव्हां पुढें दुसऱ्या कोणाची तरी गाडी असते. नंबर जुळवून पाहण्यास लागणारीं पांचदहा मिनिटें त्या अनोळखी माणसाचींही असतात.