मुळे, कालवे आणि आपली चूल
(मंडळाच्या वर्धापनदिनी झालेले भाषण)



आज गाणी झाली, अहवाल वाचून झाला, हळदीकुंकू व्हायचे आहे. अशा मंगल प्रसंगी मुळ्या-कालवांवर बोलण्याचा घाट कोणी घातला, असे काहीजणींच्या मनात आले असेल. चिटणीसबाईंनी मला ‘आहार’ एवढाच विषय दिला होता. दूध, पालेभाजी, मोड आलेली कडधान्ये यांवर आपण याच सभागृहात पुष्कळ ऐकले आहे, आणि ते ऐकून कोणाच्या घरी मटकीला अधिक वेळा मोड येऊ लागले असे माझ्या तरी पाहण्यात नाही. म्हणून मी आपल्या दारातला, पण व्याख्यानांत सहसा न येणारा जिन्नस निवडला. आपल्यापैकी पुष्कळ जणी शाकाहारी आहेत हे मी जाणते. त्यांना काही खायला लावण्याचा माझा हेतू नाही. परंतु भाट्याच्या खाडीचे पाणी शाकाहारी-मांसाहारी असा भेद करीत नाही, तेव्हा त्यांनीही उठून जाऊ नये.

प्रथम नावांचा घोळ मिटवू. आपल्या रत्नागिरीकडे ज्यांना आपण मुळे म्हणतो, त्यांच्याच जातभाईंना मालवणकडे तिसऱ्या म्हणतात आणि मुंबईत शिवल्या किंवा शिंपल्या. खुबे त्याहून मोठे आणि जाड कवचाचे. खडकाला केसासारख्या धाग्यांनी चिकटून बसणारे हिरवट-काळे ते शिनाणे. आणि कालव म्हणजे खडकालाच आपले एक शिंपले जणू सिमेंटने जोडून टाकणारा प्राणी. तो हलत नाही, त्याला फोडूनच काढावे लागते. कोलंबी, करंदी, जवळा, कुर्ली, शेवंड हीही कवचाचीच मंडळी, पण ती पायांची. ती हिंडतात, भक्ष्य शोधतात, धोका दिसला की पळतात. मुळा आणि कालव यांना ती सोय नाही. ती बसल्या जागी पाणी आत घेतात, गाळतात, त्यातले सूक्ष्म कण खातात आणि पाणी सोडून देतात. आज जे सांगायचे आहे ते सगळे या एका गोष्टीत आहे, म्हणून ती जरा लक्षात ठेवावी.

हे अन्न घरी येते ते बायकांच्या हातून. होडी नको, जाळे नको, भांडवल नको. सुकती कधी लागते ते कळले पाहिजे आणि कमरेत वाकून दोन-तीन तास चिखलात उभे राहता आले पाहिजे. सुकतीचे गणित आपल्या आज्यांना बोटांवर येत असे. तिथीची पाऊणपट करावी, तो भरतीचा तास. पंचमीला पाच पाऊणे पावणेचार, म्हणजे पावणेचारच्या सुमारास भरती, आणि त्याच्या सहा तास मागेपुढे, म्हणजे दहाच्या आसपास, ओहोटी. अमावास्या-पौर्णिमेला भरती बाराच्या सुमारास, म्हणून सुकती पहाटे आणि संध्याकाळी सहाला. आणि उधाणाचे दिवस असल्याने पाणीही सर्वांत दूर जाते. अष्टमीच्या भांगाला पाणी फारसे हटत नाही, त्या दिवशी टोपली अर्धीच भरते. पंचांग आपण मुहूर्तासाठी उघडतो. खाडीवरच्या बाईला ते पोटासाठी लागते.

मुळे पायाने चाचपून, हाताने उकरून निघतात. कालवांचे काम अधिक कठीण. खडकावर घसरणे, कवचाच्या धारेने तळहात कापणे हे रोजचेच. तेथेच कालव फोडायचे, आतला गोळा भांड्यात टाकायचा, पुन्हा दुसरे. एक वाटी कालवांसाठी किती वेळा हात उचलावा लागतो याचा हिशेब आपण एकदा खडकावर उभे राहून करून पाहावा. आणि मग बाजारात तिच्या वाट्यावर दहा रुपये कमी करा म्हणून घासाघीस करावी. करवली तर!

आता या अन्नात आहे काय? चरबी थोडी, प्रथिने चांगली. कालवात जस्त इतके असते की जस्ताच्या बाबतीत नेहमीच्या खाण्यातला दुसरा पदार्थ त्याच्या जवळ येत नाही. मुळ्यांत लोह आहे, आणि ‘ब-१२’ हे जीवनसत्त्व तर भरपूर. आपली त्याची रोजची गरज दोन-अडीच मायक्रोग्रॅम; शंभर ग्रॅम मुळ्यांच्या गरातून तिच्या कितीतरी पट मिळते. हे जीवनसत्त्व भाजीपाल्यात नसते. (शाकाहारी भगिनींनी दूध-दही सोडू नये आणि हातापायांना मुंग्या, सतत थकवा असे काही असल्यास रक्त तपासून घ्यावे, एवढे जाता जाता सांगते.) २०१९ ते २१ या काळातील राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत महाराष्ट्रातील १५ ते ४९ वयाच्या स्त्रियांपैकी शंभरात ५४ जणी रक्तक्षयाच्या आढळल्या. त्याच्या आधीच्या पाहणीत हा आकडा ४८ होता. म्हणजे आपण पुढे गेलो ते उलट दिशेला. लोहाच्या गोळ्या घ्याव्यातच; परंतु ज्या घरांत हे खाल्ले जाते तेथे आठवड्यातून एकदा मुळ्यांचे कालवण झाले, तर त्यातले लोह अंगी लागतेच आणि सोबतच्या भाजीतले लोहही अधिक चांगले लागते. मात्र जेवणावर लगेच चहा नको. आणि कालवण पुरुषांना व मुलांना वाढून तळाचा रस तेवढा बाईच्या पानात, ही रीतही नको.

हा झाला गुणांचा पाढा. आता दुसरी बाजू, आणि ती मी अधिक सावकाश सांगणार आहे.

ज्या गाळण्यामुळे हा जीव इतका सकस होतो, त्याच गाळण्यामुळे तो घातकही होऊ शकतो. अमेरिकेच्या पूर्व किनाऱ्यावरचे एक पूर्ण वाढलेले कालव अनुकूल परिस्थितीत दिवसाला शंभराहून अधिक लिटर पाणी गाळू शकते. पाण्यात शेवाळाचे पौष्टिक कण असतील तर ते त्याच्या पोटात साठतात. पाण्यात गटार सोडलेले असेल तर तेही. १९२४-२५च्या हिवाळ्यात त्याच देशात दूषित कालवांमुळे विषमज्वराची साथ पसरली. दीड हजारांच्या आसपास माणसे आजारी पडली, सुमारे दीडशे दगावली. तेव्हापासून तेथे नुसते कालव तपासत नाहीत, ते ज्या पाण्यात वाढले ते पाणी तपासतात. गोष्ट साधी आहे, पण तिथवर पोचायला दीडशे जीव लागले.

विषमज्वराचे जंतू उकळण्याने मरतात. काविळीचा विषाणू जरा चिवट, म्हणून शिंपले उघडले की लगेच भांडे उतरवू नये. उकळी फुटल्यावर चार-पाच मिनिटे तरी शिजू द्यावे. कच्चे कालव लिंबू पिळून खाण्याची साहेबी चाल आपल्याकडे हॉटेलांतून येऊ पाहते आहे, ती खाडीकाठच्या आपल्यासारख्यांनी घेऊ नये. गरोदर बाईने आणि यकृताचा विकार असलेल्याने तर मुळीच नाही.

परंतु एक विष असे आहे की ते शिजवून जात नाही. समुद्रात काही वेळा विशिष्ट जातीच्या सूक्ष्म शेवाळांचा बहर येतो, कधी पाण्याचा रंगही बदलतो. त्या शेवाळातले विष शिंपल्यांना बाधत नाही, त्यांच्या अंगात साठून राहते आणि खाणाऱ्याला बाधते. सप्टेंबर १९९७ मध्ये केरळात तिरुवनंतपुरमजवळच्या विळिंजम येथे शिनाणे खाऊन पाचशेहून अधिक लोकांना इस्पितळात न्यावे लागले आणि सात जण मेले. तमिळनाडूत १९८१ साली तीन मुले अशीच गेली होती. त्या घरांतल्या बायकांनी स्वयंपाकात काही कसूर केली नव्हती. ओठ आणि जीभ बधिर होणे, तोंडाभोवती व बोटांना मुंग्या, मग हातपाय लुळे पडणे, श्वास लागणे अशी त्याची चिन्हे. ती खाल्ल्यावर काही मिनिटांत किंवा थोड्या तासांत दिसतात. अशा वेळी ‘बाधले असेल’ म्हणून लिंबूपाणी देत बसू नये. तडक इस्पितळ गाठावे, कारण श्वासाला आधार मिळाला तर माणूस वाचतो.

हे ऐकून मुळे खाणे सोडावे असे मी म्हणत नाही. म्हणणे इतकेच की, या अन्नाची पारख टोपलीत होत नाही, पाण्यात होते; आणि ते पाणी आपण पाहिलेले नसते, टोपलीवालीने पाहिलेले असते. म्हणून भाव विचारण्याआधी दोन प्रश्न विचारावे: कुठले? आणि कधीचे? ठरलेल्या बाईकडून घ्यावे. कुठल्या काठाला सांडपाणी उतरते, कुठे मासे मरून वर आले, कुठले पाणी तांबूस किंवा भलतेच हिरवे दिसते, हे तिला आपल्याआधी कळते. ‘आज नको बाय, पाणी चांगला नाय’ असे सांगून स्वतःची विक्री बुडवणारी बाई मिळाली तर तिला धरून राहावे. अशी बाई घासाघिशीने टिकत नाही.

स्वयंपाकघरातले आता थोडक्यात. मुळे जिवंत हवेत. मिटलेले असावेत, उघडा दिसला तर टिचकी मारावी, मिटला तर जिवंत. नाही मिटला तर टाकावा. वजनाला जड पण कधीही न उघडणारा एखादा असतो. त्यात मुळा नसतो, नुसता चिखल भरलेला असतो आणि तो साऱ्या कालवणाचा सत्यानाश करतो. म्हणून ओंजळीत घेऊन एकमेकांवर वाजवून पाहावे, आवाज बद्द आला की बाजूला काढावा. गोड्या पाण्यात भिजत घालू नये, त्यात ते गुदमरतात. लिटरभर पाण्याला दोन मोठे चमचे मीठ घालून पसरट भांड्यात दोन-तीन तास ठेवावे, म्हणजे आपली रेती आपणच सोडतात. नंतर विळीवर फोडावे. एका शिंपलीत गर ठेवून दुसरी टाकली की ती एकशिपी. फोडताना निघणारे पाणी टाकू नये, चव त्यातच आहे. वस्त्रगाळ करून कालवणात घालावे आणि चाखल्यावाचून मीठ घालू नये. वाटणाचे मी सांगत नाही, त्यावरून घराघरांत भांडणे आहेत.

कोलंबी-कुर्लीबद्दल दोनच गोष्टी. कुर्लीचे पोट दाबून पाहावे. दबले तर तिने नुकतीच कात टाकली आहे, आत पाणीच निघेल. अमावास्येची भरलेली आणि पौर्णिमेची पोकळ, हे ऐकत आले आहे, पण मी बोटावर अधिक विश्वास ठेवते. आणि कोणाच्या अंगावर कोलंबीने गांध्या उठत असतील, ओठ सुजत असतील, तर ‘थोडी थोडी खाऊन सवय होईल’ असा आग्रह कृपा करून करू नये. तो नखरा नव्हे, ती ॲलर्जी आहे, आणि पुढच्या खेपेला घसा सुजून जिवावर बेतू शकते. नव्या सुनांच्या बाबतीत हे विशेष सांगते.

शेवटचा मुद्दा मंडळासाठी. अलीकडे वाट्यांत नखाएवढे मुळे दिसू लागले आहेत. तो पुढच्या वर्षीचा माल आहे. केरळात कोल्लमजवळ अष्टमुडी सरोवरात १९९० नंतरच्या काही वर्षांत असेच झाले, उपसा वाढला आणि उत्पन्न घसरले. तेव्हा तेथल्या काढणाऱ्यांनी, शास्त्रज्ञांनी आणि सरकारने मिळून डिसेंबर ते फेब्रुवारी काढणी बंद ठेवण्याचे ठरवले, बारीक शिंपल्या गळून पाण्यात परत जातील अशी जाळी ठरवली. २०१४ साली त्या सरोवराला टिकाऊ मासेमारीचे आंतरराष्ट्रीय प्रमाणपत्र मिळाले, भारतातले पहिलेच. त्याच राज्यात कासरगोडकडे १९९६-९७ पासून बायकांच्या बचतगटांनी खाडीत दोऱ्यांवर शिनाणे वाढवायला घेतले. हे सगळे आपल्याला उद्या जमणार नाही. पण काढणाऱ्या बाईने बारीक माल टाकून दिला तर तिची टोपली हलकी होते, आणि ती तूट तिने एकटीनेच का सोसावी? तेव्हा कार्यकारिणीपुढे मी असे मांडले आहे: आपल्या सभासदांनी अंगठ्याच्या पेराहून लहान मुळा घ्यायचा नाही, आणि मोठ्या मुळ्यांच्या वाट्याला दहा रुपये जास्त मोजायचे. मागताही मोजायचे. ज्यांना पटेल त्यांनी दाराशी ठेवलेल्या वहीत नाव लिहावे.

विळी आणि टोपली मागच्या खोलीत आणून ठेवली आहे. मुळे कालच्या पहाटेच्या सुकतीचे नाहीत, आजचेच आहेत. मी विचारून घेतले. ज्यांना फोडून पाहायचे असतील त्यांनी हळदीकुंकवानंतर तिकडे यावे, आणि हात धुवायला लिंबाची साल मागायला संकोच करू नये.