टेकू कधी काढायचे, हे कोण ठरवणार?

साइट सहकाऱ्यांच्या हवाली करून आलेल्या माझ्या अभियंता बंधुभगिनींनो,

सार्वजनिक बांधकामासाठी दुय्यम अधिकारी घडवावेत म्हणून 1854 साली इथे पुण्यात अभियांत्रिकीचे वर्ग सुरू झाले. तेव्हापासून इमारत कशी उभी राहते, हे आपण इथे शिकत आलो. ती उभारणाऱ्यावर काय गुदरते, हे बोलायला मात्र फार उशीर केला.

साइट इंजिनिअरचा ताण म्हटला की लोक ऊन, धूळ, रात्री भरलेला स्लॅब सांगतात. ते कष्ट अंगवळणी पडतात. पोखरते ते निराळेच. साडेचार मीटरपेक्षा मोठ्या गाळ्याच्या स्लॅबखालचे टेकू साध्या पोर्टलँड सिमेंटच्या काँक्रीटसाठी 14 दिवस हलवू नयेत, असे काँक्रीटचे भारतीय मानक आयएस 456 सांगते. आणि नवव्या दिवशी फोन येतो, "काढून घ्या, सेंट्रिंगचं सामान वरच्या मजल्यावर हवंय." नाही म्हणायचा अधिकार हातात नाही, उद्या काही झाले तर रजिस्टरवर सही आपलीच. कामाच्या ताणाचे अभ्यासक रॉबर्ट कारासेक यांनी 1979 मध्ये मांडले होते की, कामाचा रेटा मोठा आणि निर्णयाची मुभा थोडी, तिथे ताण सर्वांत जास्त साचतो. आपल्या साइटचे याहून नेमके वर्णन मला सापडलेले नाही.

महारेरा आल्यापासून, म्हणजे 2017 पासून, प्रकल्प पूर्ण होण्याची तारीख जाहीर करावी लागते. घर घेणाऱ्यांसाठी ते चांगलेच झाले. पण अनेकदा ती तारीख ऑफिसात ठरते, तिच्यात पावसाळा पुरता धरलेला नसतो, आणि उशिराचा जाब साइटवरच्या पोराला द्यावा लागतो. कायद्याचा आधार म्हणाल, तर बांधकाम कामगारांसाठी 1996 साली कायदा झाला, तोही व्यवस्थापकीय काम करणाऱ्यांना वगळूनच.

योग, ध्यान, सहली जरूर असाव्यात. टेलिमानस या मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा 14416 हा मोफत क्रमांक प्रत्येक साइट ऑफिसच्या भिंतीवर ठळक लिहा. तिथे मराठीतही बोलता येते. पण वेळापत्रकाने आणलेला ताण वेळापत्रकातच कमी करावा लागेल. तारीख ठरवताना साइटचा माणूस बैठकीत हवा. टेकू काढण्याचा आदेश लेखी हवा आणि त्यावर आरसीसी कन्सल्टंटची सही हवी.

दुपारच्या सत्रात आम्ही बिल्डर आणि कंत्राटदार फक्त ऐकणार आहोत. तरुण अभियंत्यांनी मोकळेपणाने बोलावे. कोण काय बोलले, याची नोंद ठेवली जाणार नाही.

अध्यक्षमहोदयांनी परिषदेचे उद्घाटन करावे, अशी विनंती करतो.