पोवळ्याचं कलम
(रौप्यमहोत्सवी वर्षातील ‘माझा छंद’ या कार्यक्रमात केलेल्या भाषणाचा मजकूर)



बँकेत छत्तीस वर्षं दुसऱ्यांचे पैसे सांभाळले, आता गेली अकरा वर्षं घरी खाऱ्या पाण्याची टाकी सांभाळतोय. दोनशे लिटरची. दगड, काच, स्टँड धरून वजन अडीचशे किलोच्या वर जातं, म्हणून ती भिंतीला लागून, बीमवर ठेवली आहे. हे माझ्या खालच्या मजल्यावरच्यांच्या समाधानासाठी सांगितलं!

टाकी बघायला येणारी मुलं विचारतात, “आजोबा, ही कुठली झाडं?” झाडं नव्हेत, प्राणी आहेत. मऊ प्रवाळ, म्हणजे सॉफ्ट कोरल. प्रत्येक इवल्याशा तोंडाभोवती आठ हात असतात. आपल्यापैकी काहींच्या बोटात मंगळाचं पोवळं आहे ना, ते भूमध्य समुद्रातल्या कोरॅलियम नावाच्या अशाच आठ हातवाल्या प्राण्याचा सांगाडा, म्हणजे माझ्या टाकीतल्यांचं भावकीतलंच. माझ्याकडच्या प्रवाळांच्या अंगात सूक्ष्म शैवाल राहतं, ते उजेडावर अन्न तयार करतं आणि त्यातला मोठा वाटा यजमानाला मिळतो. म्हणून वर एवढे दिवे.

आता मुद्द्याचं. गेल्या दिवाळीत आपल्याच बिल्डिंगमधला एक मुलगा म्हणाला, “काका, मालवणला चाललोय, खडकावरून थोडं कोरल घेऊन येतो.” अजिबात नाही! मालवणला १९८७ पासून सागरी अभयारण्य आहे. शिवाय सगळी कठीण प्रवाळं, काळं प्रवाळ आणि समुद्रपंखे यांना १९७२च्या वन्यजीव संरक्षण कायद्याचं संरक्षण आहे. किनाऱ्यावर पडलेला मेलेला तुकडासुद्धा बॅगेत टाकू नये. दुकानातून घ्यायचं झालं तर माल कुठून आला ते विचारा, पावती आणि कागद मागा. आमच्या भाषेत केवायसी.

आणि मुळात समुद्रापर्यंत जायची गरजच नाही. जास्वंदीची फांदी शेजारच्या वहिनींकडून आणून लावतो, तसंच हे लागतं. मुद्दल न मोडता व्याज.

सुरुवातीला लेदर कोरल घ्यावं. शास्त्रीय नाव सार्कोफायटॉन. दिसायला अळंबीसारखं, खाली दांडा, वर छत्री. आई-प्रवाळ पूर्ण फुललेलं असेल तेव्हाच कापायचं. नुकतंच आणलेलं किंवा मिटून बसलेलं असेल तर हात लावायचा नाही. हातमोजे, चष्मा घालून, टाकीचंच पाणी घेतलेल्या ट्रेमध्ये, दाढीच्या कोऱ्या ब्लेडने छत्रीच्या कडेचा तुकडा काढायचा, भाकरीचा चतकोर काढतो तसा. दोन-तीन सेंटिमीटर पुरे. कापताना कचकच लागतं, कारण अंगात चुन्याच्या बारीक सुया असतात. मग बुळबुळीत चिकटा सुटतो. टाकीच्याच पाण्यात, पण वेगळ्या भांड्यात, तो हलवून धुवायचा.

खरी अडचण पुढेच. झटपट चिकटणारा गोंद या बुळबुळीवर टिकत नाही. दोऱ्याने घट्ट बांधलं तर दोरा मांसातून कापत जातो. मी काय करतो, कापलेली बाजू खाली करून तुकडा लहानशा दगडावर ठेवतो, वर मच्छरदाणीच्या नायलॉन जाळीचा तुकडा घालतो आणि रबर सैल लावतो. पंपाचा झोत लागणार नाही अशा कोपऱ्यात ठेवायचं. दहा-पंधरा दिवसांत स्वतःहून दगड धरतं. रोज उचलून “लागलं का, लागलं का” बघायचं नाही. मुदत ठेव रोज मोडून बघतो का आपण? आई थोडे दिवस तोंड पाडून बसते, मग कापलेली कड गोल होऊन पुन्हा फुलते. एखादा तुकडा तपकिरी होऊन सडायला लागला तर त्याच दिवशी बाहेर काढावा, बाकीच्यांनाही नासवतो.

लेदर कोरल शेजाऱ्यांना दूर ठेवण्यासाठी पाण्यात रसायनं सोडतं, कापल्यावर जास्तच. म्हणून कापणीनंतर फिल्टरला ताजा कार्बन आणि दुसऱ्या दिवशी पंधरा-वीस टक्के पाणी बदल. पाणी आरओचं, मीठ समुद्री टाकीसाठी मिळतं तेच. स्वयंपाकघरातलं नाही.

व्याजाचं म्हटलं ते उगाच नाही. दोन वर्षांपूर्वी पावसात चौदा तास वीज नव्हती. पंप बंद, पाण्यात प्राणवायू नाही, सकाळी माझं सगळं लेदर कोरल गेलेलं. सात वर्षं वाढवलेलं. बी विंगमधल्या एका ताईंना मी आधी एक छाट दिली होती, तिची टाकी लहान, बॅटरीच्या हवापंपावर तग धरून राहिली. तिने त्याचा चतकोर मला परत दिला. आज जे दिसतं ते सगळं त्याचंच. तेव्हापासून कुठली छाट कोणाच्या घरी गेली, तारखेसकट मी वहीत लिहितो.

एक गोष्ट मात्र मी कोणालाही देणार नाही. गोंड्याच्या फुलांसारखे दिसणारे बटन पॉलिप, झोआन्थिड. दिसायला सगळ्यांत सुंदर. त्यांच्यातल्या काही जातींत पॅलिटॉक्सिन नावाचं जहाल विष असतं. हवाई बेटांवरच्या एका जातीतून ते वेगळं काढल्याचं १९७१ साली प्रसिद्ध झालं. तिथले जुने लोक भाल्याच्या टोकाला ते लावत, असं सांगतात. २०१८ मध्ये इंग्लंडमध्ये ऑक्सफर्डशायरच्या एका गावात टाकीतलं प्रवाळ साफ करताना घरभर वाफारे पसरले, सगळं कुटुंब आणि मदतीला गेलेले अग्निशमन दलाचे लोकही रुग्णालयात गेले. म्हणून ज्यांच्याकडे खाऱ्या पाण्याची टाकी आहे त्यांनी ऐकाच: दगड उकळत्या पाण्यात घालायचा नाही, गरम पाण्याने घासायचा नाही, तोंडाने नळी ओढायची नाही, स्वयंपाकघरातली सुरी वापरायची नाही. हाताला जखम असेल तर टाकीत हात नको. त्रास झालाच तर डॉक्टरांना टाकीचं आधी सांगा.

खर्चाचंही लपवत नाही. पाणी पंचवीस-सव्वीस अंशांवर ठेवावं लागतं, एप्रिल-मे महिन्यांत चिलर चालतो आणि वीजबिल आलं की सौभाग्यवती ते माझ्यासमोर ठेवून निघून जातात.

सध्या सहा छाटा दगडाला धरल्या आहेत. ज्यांची टाकी किमान तीन महिने चालू आहे त्यांनी सेक्रेटरींकडे नाव द्यावं. घ्यायला येताना झाकणाचा डबा आणा, आणि जाळी मी देईन.