भात कांडणारा आचार्य
(विहाराच्या वर्षावास व्याख्यानमालेत केलेले भाषण)



समितीने आम्हाला विषय दिला, चीनचे तत्त्वज्ञान आणि संस्कृती. विषय समुद्राएवढा आणि आम्ही गिरणीत साचा चालवणारी माणसं. आमचं शिक्षण शाळेत थोडं आणि पाळी सुटल्यावर वाचनालयात जास्त झालं. तेव्हा जे वाचलं आणि पटलं, तेवढंच तुमच्यापुढे ठेवतो.

चीनचा मोठा विचारवंत कन्फ्यूशियस. काळ इसवी सनापूर्वी ५५१ ते ४७९. माणुसकी, शिस्त आणि विद्या ही त्याची शिकवण. शिकवताना कुळ पाहू नये, असं तो म्हणे. ही गोष्ट आम्हाला फार आवडते. पण त्याने समाजाची पाच नाती सांगितली जातात: राजा-प्रजा, बाप-मुलगा, नवरा-बायको, थोरला-धाकटा भाऊ आणि मित्र-मित्र. यातली चार नाती वरच्या-खालच्याची आहेत, बरोबरीचं नातं फक्त मित्रांचं! पुढे सरकारी नोकरीसाठी परीक्षा सुरू झाल्या. त्या सुमारे तेराशे वर्षे चालल्या आणि १९०५ साली बंद झाल्या. जन्मापेक्षा अभ्यास मोठा, हे तत्त्व चांगलंच. पण परीक्षेला स्त्रियांना मज्जाव होता, आणि गरिबाच्या पोराला वर्षानुवर्षे अभ्यासाला बसायला सवड कुठली? दुसरी विचारधारा ताओची. तिचा आचार्य लाओ त्से. पाण्यासारखं नम्र राहा, निसर्गाच्या विरुद्ध जाऊ नका, हे तिचं सार.

अशा या देशात इसवी सनाच्या पहिल्या शतकात बुद्धाचा धम्म पोचला. चिनी लोकांनी तो नुसता पुजला नाही, तो आपल्या भाषेत आणला. कुमारजीव ४०१ साली त्यांच्या राजधानीत आले आणि ग्रंथांची भाषांतरं करीत राहिले. ह्युएन त्संग डोंगर-वाळवंट तुडवीत भारतात आला, आपल्या महाराष्ट्रातही येऊन गेला आणि ६४५ साली ६५७ ग्रंथ घेऊन परतला. बंधूंनो, अश्वघोषाचं बुद्धचरित मूळ संस्कृतात आज जवळजवळ अर्धंच सापडतं. संपूर्ण राहिलं ते चिनी आणि तिबेटी भाषांतरांत. आपल्या घरातलं धन आपल्या घरात बुडालं आणि शेजाऱ्याने ते जपून ठेवलं!

आता ज्याच्यासाठी आम्ही उभे राहिलो, ती गोष्ट सांगतो. हुई-नेंग नावाचा माणूस, काळ ६३८ ते ७१३. परंपरा सांगते, की बाप लवकर गेला आणि लाकडं विकून तो आईला पोसत होता. अक्षर ओळखत नव्हता. एकदा मोळी टाकायला गेला, तिथे कुणीतरी वज्रच्छेदिका सूत्र म्हणत होतं. ते कानी पडलं आणि त्याचं मन जागं झालं. तो दूर उत्तरेकडे हुंग-जेन या आचार्यांच्या विहारात गेला. आचार्यांनी विचारलं, तू दक्षिणेकडचा रानटी, तू कसला बुद्ध होणार? त्याने उत्तर दिलं, की माणसं उत्तरेची-दक्षिणेची असतील, बुद्धत्वाला दिशा नसते.

त्याला भात कांडायला लावलं. अंगाचं वजन कमी पडे, म्हणून तो कमरेला दगड बांधून कांडत असे. असे आठ महिने गेले. मग आचार्यांनी सांगितलं, ज्याला जे कळलं ते त्याने काव्यात लिहावं. थोरल्या शिष्याने भिंतीवर लिहिलं. हुई-नेंगने ते दुसऱ्याकडून वाचून घेतलं आणि आपलं उत्तरही दुसऱ्याकडूनच लिहून घेतलं. आचार्यांनी रात्री त्याला बोलावून चीवर आणि पात्र सोपवलं. सहावा आचार्य झाला तो भात कांडणारा! आपला 'ध्यान' शब्द तिकडे 'चान' झाला आणि जपानात 'झेन' झाला. त्या परंपरेचा हा मोठा आधार.

पुढे धम्मावर संकटंही आली. ८४५ साली सम्राटाने हजारो विहार पाडले, अडीच लाखांवर भिक्खू-भिक्खुणींची चीवरं उतरवली. १९६६ ते १९७६ च्या सांस्कृतिक क्रांतीतही विहारांची नासधूस झाली. नंतर दारं पुन्हा उघडली. इमारत पडते, पण लोकांच्या तोंडी असलेला विचार पडत नाही.

आता कडू बोलतो, राग धरू नका. हुई-नेंगला विचारलेला प्रश्न आपण अजून विचारतो. पोरीचं लग्न जुळवताना बुद्धवंदना होते, आणि मग हळूच विचारणा होते: 'कुठले तुम्ही? पोटजात कोणती?' बाबासाहेबांनी १९५६ साली आपल्याला बावीस प्रतिज्ञा दिल्या, त्यांत समतेची प्रतिज्ञा आहे. मग ही विचारणा कोणत्या धम्मात बसते?

दुसरं. वर्षावासात 'बुद्ध आणि त्यांचा धम्म' वाचला जातो, तेव्हा आपल्या म्हाताऱ्या आयाबाया मागे बसतात आणि म्हणतात, 'आम्हाला अडाण्यांना काय कळतंय?' विहार झाडायला त्या पुढे, खीर करायला त्या पुढे, बोलायला मात्र मागे. पुढच्या वर्षी वाचन झालं, की पहिला प्रश्न त्यांना विचारा. त्या काय सांगतात ते शाळेतल्या पोरांनी वहीत उतरवावं. हुई-नेंगचं उत्तर कुणीतरी लिहून घेतलं, म्हणून ते भिंतीवर चढलं. लिहून घेणारा भेटला नसता, तर तो जन्मभर भातच कांडत राहिला असता.

एवढं बोलून आम्ही आमचे दोन शब्द संपवतो. जय भीम! नमो बुद्धाय!