स्वस्त विमा नेमका कशानं स्वस्त झाला?

 

मागं आमच्या गटाच्या बैठकीत एका ताईनं तीन कागद पुढं टाकले. गाडी एकच, तिच्याच नावावरची. विमा संपायला आला होता. पोरानं मोबाइलवर दोन ठिकाणी भाव काढले आणि तिसरा कागद ओळखीच्या एजंटनं दिला. पहिल्या कागदावर ७,९२५ रुपये, दुसऱ्यावर ९,९३१ आणि एजंटच्या कागदावर ११,१११. ताई म्हणाली, "बघा बायांनो, एजंट कसा लुटायला बसलाय!" आम्ही सगळ्याजणींनी माना डोलावल्या. पण कागद नीट वाचले तेव्हा कळलं, खरा भाव एजंटनंच सांगितला होता. सगळ्यात स्वस्त कागद घेतला असता, तर अपघात झाल्यावर ताईच्या हाती काहीच लागलं नसतं.

हे कसं, तेच आज बोलू. मोबाइलवर दहा कंपन्यांचे भाव एका मिनिटात येतात, ते येतात कुठून? ते कोण तपासतं?

आपल्याला मोंढा माहीत आहे. लातूरच्या नाहीतर नांदेडच्या मोंढ्यात सोयाबीन घेऊन गेलो, तर चार आडतींवर भाव विचारतो. पण भाव विचारताना माल एकच असावा लागतो. एकाला वाळलेला दाणा दाखवला आणि दुसऱ्याला ओला, तर त्या दोन भावांची तुलना होत नाही. विम्याचंही तसंच आहे. तुलना करून दाखवणारी वेबसाइट ही आडत नव्हे. ती फक्त तुमचा नमुना सगळ्यांकडं फिरवते. नमुनाच चुकीचा गेला, तर आलेला प्रत्येक भाव चुकीचा.

आता बघा, तो नमुना कसा तयार होतो. तुम्ही गाडीचा नंबर टाकता, नांदेडची असेल तर एमएच २६ आणि लातूरची असेल तर एमएच २४. नंबर टाकला की गाडीची कंपनी, मॉडेल, पेट्रोल की डिझेल, नोंदणीचं वर्ष असं बरंच काही आपोआप येतं. ही माहिती मूळची आरटीओच्या नोंदीतली, 'वाहन' नावाच्या सरकारी प्रणालीतली. पुढं वेबसाइट तुम्हाला दोन-तीन प्रश्न विचारते. जुना विमा कधी संपतो? गेल्या वर्षी क्लेम घेतला का? बोनस किती होता? तुमची उत्तरं ती प्रत्येक विमा कंपनीच्या संगणकाला पाठवते. कंपनीचा संगणक आपल्या हिशेबानं भाव काढून परत पाठवतो. सगळं काही सेकंदांत होतं. म्हणजे वेबसाइट भाव ठरवत नाही, भाव कंपनीच ठरवते.

मग पडताळणी कोण करतं? वेबसाइट पाहते की नंबर खरा आहे, मॉडेल जुळतंय. इथंही चूक होते, कारण एकाच गाडीचे चार-पाच प्रकार असतात आणि प्रत्येक कंपनी त्यांची नावं आपापल्या पद्धतीनं लिहिते. टॉप मॉडेलच्या जागी साधं मॉडेल लागलं की भाव बदलला. गॅसकिट बसवलेलं असेल आणि यादीत नुसतं पेट्रोल आलं, तरी कागद चुकला. म्हणून आरसी बुक समोर ठेवून एक-एक ओळ जुळवायची.

पण क्लेम घेतला का, या प्रश्नाचं उत्तर त्या क्षणी तुमच्या शब्दावरच घेतलं जातं. नवी कंपनी मागाहून जुन्या कंपनीला विचारू शकते. आणि क्लेम मागायला गेलात की सगळं पुन्हा तपासलं जातं. बायांनो, खरी पडताळणी अपघातानंतर होते, हे लक्षात ठेवा.

आता ताईचे तीन कागद उघडू. विम्याच्या हप्त्यात मुख्य दोन भाग असतात. पहिला भाग थर्ड पार्टीचा. आपल्या गाडीनं दुसऱ्याला इजा झाली, तर त्याची भरपाई यातून जाते. १९८८ च्या मोटार वाहन कायद्यानं हा विमा सक्तीचा आहे. याचा दर कंपनी ठरवत नाही, सरकार ठरवतं. १ जून २०२२ पासून लागू झालेल्या दरांप्रमाणं खासगी कार १,००० सीसीपर्यंत असेल तर २,०९४ रुपये, १,००० ते १,५०० सीसी असेल तर ३,४१६ आणि त्याच्या वर ७,८९७. मोटारसायकल ७५ ते १५० सीसीची असेल तर ७१४ रुपये. सरकार हे दर मधूनमधून बदलतं, म्हणून भरताना चालू दर कोणता ते विचारून घ्या. पण दर कोणताही असो, त्या दिवशी तो सगळ्या कंपन्यांना सारखाच. हा तुमच्या हातातला मापाचा दगड आहे. दोन कागदांवर थर्ड पार्टीचा आकडा वेगळा दिसला, तर समजा की गाडीची माहितीच कुठंतरी चुकली आहे.

दुसरा भाग आपल्या स्वतःच्या गाडीच्या नुकसानीचा. आधी याचेही दर ठरवून दिलेले होते. १ जानेवारी २००७ पासून कंपन्यांना मोकळीक मिळाली. म्हणून भावात फरक पडतो तो इथंच. हा भाग गाडीच्या घोषित किमतीवर, म्हणजे आयडीव्हीवर ठरतो. गाडी चोरीला गेली किंवा पूर्ण मोडली, तर जास्तीत जास्त तेवढे पैसे मिळतात. गाडी चार वर्षांची होऊन पाचव्यात असेल, तर नव्या गाडीच्या किमतीतून ५० टक्के घसारा धरतात. ताईच्या मॉडेलची नवी किंमत ६ लाख, म्हणून तिची आयडीव्ही ३ लाख.

एजंटच्या कागदावर आयडीव्ही ३ लाखच होती. स्वतःच्या गाडीच्या नुकसानीचे ६,००० आणि थर्ड पार्टीचे ३,४१६, मिळून ९,४१६. वर १८ टक्के जीएसटी. झाले ११,१११. मालक-चालकाचा अपघात विमा ताईनं वेगळा काढलेला होता, म्हणून तो यात नाही.

दुसऱ्या कागदावर आयडीव्ही अडीच लाख टाकलेली. म्हणून नुकसानीचा भाग ५,००० झाला आणि एकूण ९,९३१. आज १,१८० रुपये वाचले. पण गाडी चोरीला गेली, तर ५० हजार कमी मिळाले असते. हे स्वस्त नव्हे, हे कमी माप आहे.

आणि पहिला, सगळ्यात स्वस्त कागद? त्यात ४५ टक्के नो क्लेम बोनस धरलेला. ज्या वर्षी क्लेम घेतला नाही, त्या वर्षाचं बक्षीस म्हणून कंपनी सूट देते. ही सूट फक्त नुकसानीच्या भागावर मिळते. पहिल्या वर्षानंतर २० टक्के, मग २५, ३५, ४५ आणि शेवटी ५०. क्लेम घेतला की पुन्हा शून्यावर. ताईच्या गाडीची तीन वर्षं कोरी गेली होती. चौथ्या वर्षी लोह्याच्या रस्त्यावर म्हैस आडवी आली, बंपर फुटला आणि तिनं क्लेम घेतला. मोबाइलवर प्रश्न आला तेव्हा पोरानं 'क्लेम घेतला नाही' यावर बोट ठेवलं. त्याला आठवलंच नाही. ६,००० चे ३,३०० झाले आणि एकूण रक्कम ७,९२५ वर आली.

पोराच्या मनात खोट नव्हती. पण कागदावर ते खोटं विधान झालं. बोनसबद्दल खोटं सांगितलं असेल, तर गाडीच्या नुकसानीचा हक्क जाईल, असं त्या अर्जातच लिहिलेलं असतं. ३,१८६ रुपये वाचवायला जाऊन ३ लाखांचं संरक्षण घालवायची वेळ आली होती. ताईनं तो फॉर्म खोडला, खरी माहिती टाकून पुन्हा भाव काढले आणि मग कंपन्यांची तुलना केली.

तुलना करायचं हे सूत्र जगभर एकच आहे. अमेरिकेत विमा कंपन्यांना आपले दर राज्याच्या विमा खात्याकडं दाखल करावे लागतात. तिथं तुलना करणारे लोक एक ठरावीक चालक धरतात, म्हणजे एक वय, एक गाडी, एक गाव. त्याच एका चालकासाठी सगळ्या कंपन्यांचे दर काढतात. नमुना एकच, म्हणून तुलना खरी. पण तो सरासरी आकडा कुण्या एका माणसाचा भाव नसतो. जाहिरातीत 'फक्त इतक्या रुपयांपासून' असं वाचलं की हेच आठवा. तो भाव तुमच्या गाडीचा नाही.

आपल्याकडं या वेबसाइटवर भारतीय विमा नियामक आणि विकास प्राधिकरणाचं, म्हणजे इर्डाचं लक्ष असतं. तुलना करून दाखवणाऱ्यांसाठी २०१७ चे नियम आहेत. माहिती ताजी असावी, कुणाची बाजू घेऊ नये, आपल्या मनानं कुणाला पहिला-दुसरा नंबर देऊ नये, असं त्यात सांगितलं आहे. ऑगस्ट २०२५ मध्ये इर्डानं पॉलिसीबाजार या मोठ्या कंपनीला ५ कोटी रुपयांचा दंड केला. त्यातला एक ठपका असा होता, की काही योजना 'बेस्ट', 'टॉप' म्हणून दाखवल्या आणि त्याला पुरेसा आधार नव्हता. त्या योजना गाडीच्या विम्याच्या नव्हत्या, पण आपण घ्यायचा धडा तोच. पडद्यावर वर दिसतं ते चांगलंच असेल असं नाही.

आता आपल्या जिल्ह्यांत नेहमी घडणाऱ्या दोन गोष्टी सांगते.

एक, खासगी गाडी भाड्यानं चालवणं. गावातून पेशंट घेऊन विष्णुपुरीला जायचं, लग्नाचं वऱ्हाड उदगीरला न्यायचं आणि भाडं घ्यायचं. फॉर्ममध्ये 'खासगी' लिहिलं म्हणून भाव कमी येतो. पण खासगी पॉलिसीत भाड्याचा वापर चालत नाही. भाडं घेताना अपघात झाला, तर कंपनी हात वर करू शकते.

दुसरी गोष्ट आपल्यासाठी फार महत्त्वाची. गाडी घरच्या बाईच्या नावावर असते, चालवतो दुसराच. नवऱ्यानं गाडी परस्पर विकली, पैसे आले, पण आरटीओत नाव बदललं नाही. उद्या त्या गाडीनं कुणाला उडवलं तर जबाबदार कोण? नोंदणीत नाव असेल तो मालक. सर्वोच्च न्यायालयानं २०१८ साली एका निकालात हेच स्पष्ट केलं. विमा नसेल, तर भरपाईची नोटीस त्या बाईच्या दारात येते. शेत विकायची पाळी येऊ शकते. म्हणून गाडी विकली की नाव बदलूनच घ्या. जुनी गाडी घेतली, तर १४ दिवसांत विमाही आपल्या नावावर करायला अर्ज द्या. आधीच्या मालकाचा बोनस गाडीबरोबर येत नाही, तो त्याच्याकडंच राहतो.

तारखेचंही सांगते. विमा संपल्यावर एक दिवस जरी मध्ये गेला, तरी त्या दिवसाचं संरक्षण नाही. उशीर झाला की कंपनी गाडीचे फोटो नाहीतर व्हिडिओ मागते. ९० दिवस उलटले की साठवलेला बोनसही गेला.

मग करायचं काय? पुढच्या बैठकीत प्रत्येकीनं घरच्या गाडीचं आरसी बुक आणि जुनी पॉलिसी घेऊन या. एका वहीत रेघा मारा आणि प्रत्येक कागदावरच्या या पाच गोष्टी शेजारी शेजारी लिहा: गाडीचं मॉडेल आणि सीसी, आयडीव्ही, बोनसची टक्केवारी, थर्ड पार्टीचा आकडा आणि जास्तीची कलमं. 'झिरो डेप' घेतलंय का, नुकसानीतली काही रक्कम स्वतः सोसायचं कबूल केलंय का, हे त्या कलमांत कळतं. पाचही गोष्टी सारख्या झाल्या की मगच शेवटचा आकडा बघायचा.

पैसे विमा कंपनीच्याच नावानं भरा, कुणाच्या खासगी खात्यावर टाकू नका. पैसे कंपनीला पोचल्याशिवाय विमा सुरू होत नाही, असं १९३८ चा विमा कायदा सांगतो. पॉलिसी आल्यावर एमपरिवहन अॅपमध्ये गाडीचा नंबर टाकून विम्याची तारीख बघा. शंका आली तर थेट कंपनीच्या क्रमांकावर पॉलिसी नंबर सांगून विचारा.

तक्रार असेल तर आधी कंपनीकडं लेखी द्या. इर्डाचा मोफत क्रमांक १५५२५५ आहे. ३० दिवसांत उत्तर आलं नाही किंवा पटलं नाही, तर विमा लोकपालाकडं जाता येतं. आपल्या भागासाठी ते कार्यालय पुण्याला आहे. तिथं फी लागत नाही, वकील लागत नाही.

आणि शेवटी एक. २०२३ साली इर्डानं 'विमा वाहक' योजनेचे नियम काढले. गावोगावी विमा पोचवायचा आणि त्यात बायांना पुढं ठेवायचं, असा तिचा हेतू आहे. उद्या आपल्यातलीच कुणी हे काम करील. आज स्वतःच्या गाडीचा कागद वाचायला शिकली, तर ती उद्या गावाचे कागद वाचील.

त्या ताईनं शेवटी १०,४०० रुपयांची पॉलिसी घेतली. पूर्ण ३ लाखांची, बोनस शून्य, सगळं खरं. एजंटपेक्षा सातशे रुपये कमीच पडले. हे सातशे रुपये खरे वाचले, बायांनो. कारण माप पुरं होतं.

येते मी. राम राम.