बालमनाचा अभ्यास व आपले कर्तव्य

(ज्युबिली समारंभात झालेले भाषण)



ज्युबिलीच्या या मंगल प्रसंगी मागील पिढ्यांनी उभारलेल्या वास्तूंचे स्मरण होणे स्वाभाविक आहे. देवळाशेजारी शाळा असावी, ही आपल्या वाडवडिलांची रीत. आज ठाणे, कल्याण व डोंबिवली या भागांत शाळांस तोटा नाही. परंतु त्या शाळांच्या वर्गांत बसलेल्या मुलाच्या मनाचा शास्त्रशुद्ध अभ्यास केलेली माणसे आपल्यामध्ये किती आहेत, असे कोणी विचारल्यास आपणांस चटकन उत्तर देता यावयाचे नाही. म्हणून शैक्षणिक मानसशास्त्र व मानवी विकास या विषयांच्या पदव्युत्तर अभ्यासाविषयी आम्ही दोन शब्द बोलू इच्छितो.

मूल अभ्यासात मागे पडले की त्याच्यासाठी आपल्या घरांत तीन विशेषणे तयार असतात: आळशी, हट्टी आणि मठ्ठ. ही विशेषणे उच्चारण्यास क्षणही लागत नाही. परंतु ती ऐकता ऐकता मूल स्वतःस तसेच मानू लागते, आणि मग ते मत पुसण्यास वर्षे पुरत नाहीत. वास्तविक प्रत्येक अपयशास काही कारण असते. मुलास फळ्यावरील अक्षर नीट दिसत नसेल. घरची भाषा एक व शाळेची दुसरी असेल. आईबाप पहाटेच्या लोकलने कामावर जाऊन रात्री परतत असतील व दिवसभर त्याच्याशी बोलणारे कोणी नसेल. दोष देण्यापूर्वी कारण शोधावे, हेच या शास्त्राचे सार होय.

या शास्त्राच्या इतिहासाकडे पाहिले तर हीच गोष्ट दिसून येते. बुद्धिमापनाची पहिली उपयुक्त चाचणी आल्फ्रेड बिने व थिओडोर सिमाँ यांनी फ्रान्समध्ये १९०५ साली तयार केली, ती कोणत्या मुलांस शिकताना अधिक साहाय्य हवे हे ओळखण्यासाठी. बुद्धी जन्मतः ठरलेली व न वाढणारी वस्तू आहे, हे मत बिने यांस मान्य नव्हते. पुढे पॅरिसमध्येच अशा चाचण्यांवर काम करीत असता झाँ पियाजे यांच्या ध्यानात आले की, मुलांच्या चुकीच्या उत्तरांतही एक सुसंगती असते. मूल चुकते तेव्हाही ते आपल्या परीने विचारच करीत असते. या एका निरीक्षणातून बालविचाराच्या वाढीचे मोठे शास्त्र उभे राहिले.

तथापि पॅरिसच्या मुलासाठी रचलेले प्रश्न आपल्या मुलास जसेच्या तसे विचारणे न्यायाचे नव्हते. डॉ. व्ही. व्ही. कामत यांनी मराठी व कन्नड बोलणाऱ्या मुलांसाठी त्या चाचणीचे रूपांतर केले. त्यांचा त्यावरील इंग्रजी ग्रंथ १९४० साली प्रसिद्ध झाला. बिने-कामत या जोडनावाने ती चाचणी आजही ओळखली जाते. आपल्या भाषेतील मुलास त्याच्याच भाषेत प्रश्न विचारला पाहिजे, हा धडा त्यातून घ्यावयाचा.

याहून जवळचे उदाहरण आपल्याच जुन्या ठाणे जिल्ह्याचे आहे. ताराबाई मोडक यांनी १९४५ साली बोर्डी येथे ग्रामीण बालशिक्षणाचे कार्य आरंभिले. अनुताई वाघ त्यांना तेथेच येऊन मिळाल्या, आणि पुढे ते कार्य कोसबाडच्या टेकडीवर स्थिरावले. (ही गावे २०१४ पासून पालघर जिल्ह्यात आहेत.) आदिवासी मुले शाळेत येत नाहीत, हे सर्वांस दिसत होते, ती का येत नाहीत, याचा शोध या दोघींनी घेतला. मुले गुरे राखीत होती, म्हणून शाळाच कुरणावर नेली. थोरली बहीण धाकट्यास सांभाळीत होती, म्हणून त्या धाकट्याचीही सोय शाळेजवळ केली. खडे, पाने, बिया हीच शिक्षणाची साधने झाली. मुलाचे जीवन आधी जाणावे व मग त्यास शिकवावे, असा त्यांचा क्रम होता.

आता नजीकच्या काळाकडे वळू. काही मुले बुद्धीने चांगली असूनही त्यांना वाचन, लेखन अथवा गणित यांत सतत अडचण येते. यास अध्ययन अक्षमता म्हणतात. महाराष्ट्र शासनाने १९९६ साली अशा मुलांस परीक्षेत सवलती मान्य केल्या. जादा वेळ व लेखनिक या त्यांपैकीच होत. २०१६ च्या दिव्यांगजन हक्क कायद्यातही या अक्षमतेचा समावेश झाला. शीव येथील लोकमान्य टिळक रुग्णालयात अशा मुलांच्या तपासणीची सोय आहे, आणि शीव आपल्याच रेल्वेमार्गावर आहे. परंतु मुलास तेथवर न्यावे, हे आईबापांस प्रथम सांगणार कोण? ज्याने हे शास्त्र शिकले आहे, असा मनुष्य शाळेत असेल तरच हे घडेल. नाहीतर कायदा कागदावर राहील, आणि मूल मागल्या बाकावर.

हा अभ्यास बहुधा दोन वर्षांचा असतो. जन्मापासून वार्धक्यापर्यंत मनुष्याच्या शरीराची, बुद्धीची व भावनांची वाढ, शिकण्याचे सिद्धांत, चाचण्यांचा वापर, संख्याशास्त्र, संशोधनाची रीत आणि शाळांतील प्रत्यक्ष कार्य, एवढे सारे त्यात येते. संख्याशास्त्राच्या नावाने पुष्कळजण बिचकतात. परंतु एका मुलावरून सर्व मुलांविषयी मत बनवू नये, हे तेच शास्त्र शिकवते. महर्षी कर्वे यांनी १९१६ साली स्थापिलेल्या महिला विद्यापीठात मानवी विकास हा विषय शिकवला जातो. धर्मभगिनींनी मुंबईत चालविलेल्या निर्मला निकेतनच्या गृहविज्ञान महाविद्यालयातही त्याची सोय आहे. मनःस्वास्थ्याचे कार्य प्रत्यक्ष पाहावयाचे असल्यास दूर जाणे नको, डॉ. आनंद नाडकर्णी यांनी १९९० साली स्थापिलेली इन्स्टिट्यूट फॉर सायकॉलॉजिकल हेल्थ ही संस्था ठाण्यातच आहे.

मात्र केवळ पदवीने कोणी मुलाचा मित्र होत नाही. उपदेश करणे सोपे. ऐकून घेणे कठीण. गुप्ततेचे महत्त्व, पापनिवेदनाचा संस्कार जाणणाऱ्या आपणांस निराळे सांगावयास नको. समुपदेशकानेही मुलाचे गुज चव्हाट्यावर मांडू नये. फरक इतकाच की, मुलाच्या जिवास धोका दिसल्यास योग्य त्या माणसास वेळीच कळविणे हे त्याचे कर्तव्य ठरते.

काही पालक विचारतील, या शिक्षणाने पोट भरेल काय? प्रश्न रास्त आहे. आरंभीचे वेतन अनेक ठिकाणी बेताचेच असते, हे आम्ही लपवीत नाही. परंतु राष्ट्रीय शैक्षणिक धोरण २०२० मध्येही शाळांसाठी समुपदेशकांची आवश्यकता सांगितली आहे. आणि परीक्षेच्या निकालादिवशी एखादे मूल घरी जाण्यास भिते, तेव्हा या कामाची किंमत पैशांत करता येत नाही.

म्हणून आमच्या तीन विनंत्या आहेत. तरुण पदवीधरांनी, विशेषतः आपल्या शिक्षिका भगिनींनी, या अभ्यासाचा विचार करावा. आईबापांनी ती तीन विशेषणे आजपासून घरातून हद्दपार करावीत. आणि धर्मग्रामाने ज्युबिली निधीतून दरवर्षी निदान एका गरजू विद्यार्थ्याच्या या शिक्षणाचा भार उचलावा. पूर्वजांनी आपणांस शाळा दिल्या. त्या शाळांतील एकही मूल न समजून घेतलेले राहू नये, ही जबाबदारी आपली आहे. ती पार पाडण्यास प्रभू आपणां सर्वांस सुबुद्धी व सामर्थ्य देवो.