पाठीवरच्या पेट्रोल पंपाचे इंजिन : ओळख आणि निगा



लातूरकडे सोयाबीन, नांदेडकडे कापूस आणि दोन्हीकडे तूर. तिन्ही पिकांना वेळेवर फवारणी लागते. मजूर मिळत नाहीत, म्हणून बरेच जण पेट्रोलवर चालणारा पाठीवरचा पंप प्रथमच विकत घेतात. तुरीवर घाटेअळी आली की दोन दिवसांचा उशीरही महागात पडतो. नेमक्या त्याच दिवशी पंप बंद पडला, तर दोष बहुधा यंत्राचा नसतो, आपल्या सवयीचा असतो. म्हणून आज या इंजिनाविषयी दोन गोष्टी सांगतो.

पहिली गोष्ट, आपले इंजिन टू-स्ट्रोक आहे की फोर-स्ट्रोक, हे पुस्तिकेत पाहून घ्या. हल्ली दोन्ही प्रकारचे पंप मिळतात. ज्याला ऑईल भरण्याचे वेगळे बूच आहे ते फोर-स्ट्रोक. त्यात साधे पेट्रोल घालायचे. वेगळे बूच नसेल, तर ते टू-स्ट्रोक. त्यात पेट्रोलमध्येच ऑईल मिसळावे लागते. असे का, ते समजून घेऊ.

लोहाराचा भाता आपण पाहिला आहे. तो उघडला की हवा आत ओढतो आणि दाबला की बाहेर फेकतो. टू-स्ट्रोक इंजिनात दट्ट्याखालची बंद पेटी असाच भाता असते. दट्ट्या वर जातो तेव्हा वरचे मिश्रण दाबले जाते आणि त्याच वेळी खालच्या पेटीत कार्बुरेटरमधून नवे मिश्रण ओढले जाते. प्लगची ठिणगी पडते, मिश्रण जळते व दट्ट्या जोराने खाली येतो. खाली येताना प्रथम धूर जाण्याचे छिद्र उघडते. मग दुसरे छिद्र उघडून पेटीतील दाबलेले मिश्रण वर येते व उरलेला धूर बाहेर ढकलते. म्हणजे क्रँकच्या एका फेऱ्यात एकदा ताकद मिळते. फोर-स्ट्रोकला त्यासाठी दोन फेरे लागतात. म्हणूनच टू-स्ट्रोक इंजिन वजनाला हलके राहते. इंग्लंडच्या जोसेफ डे यांनी ही रचना १८८९ च्या सुमारास बसवली. आपल्याकडची लूना, राजदूत ही वाहने याच तत्त्वावर धावत.

खालच्या पेटीतून मिश्रण जात असल्यामुळे तेथे ऑईल भरून ठेवता येत नाही. बेअरिंग, दट्ट्या व सिलिंडर यांना पेट्रोलबरोबर येणारे ऑईल तेवढेच वंगण. नुसत्या पेट्रोलवर इंजिन चालू होते, जोरातही चालते. पण थोड्याच वेळात दट्ट्या तापून सिलिंडरला चिकटतो. ही दुरुस्ती मोठी असते.

ऑईलचे प्रमाण पुस्तिकेत दिलेलेच घ्यावे. २५ ला १ असेल तर एक लिटर पेट्रोलला ४० मिलि, ५० ला १ असेल तर २० मिलि. झाकणाने अंदाज करू नये, मोजमाप वापरावे. ऑईल टू-टी प्रकारचेच असावे. ट्रॅक्टरचे ऑईल नीट जळत नाही, काजळी धरते. स्वच्छ डब्यात अर्धे पेट्रोल, त्यात ऑईल, मग उरलेले पेट्रोल घालून चांगले हलवावे आणि नंतरच टाकीत ओतावे.

नवे इंजिन पहिले दहा तास पूर्ण रेसवर चालवू नये. रोज सुरू केल्यावर दोन-तीन मिनिटे हळू चालू द्यावे. बंद करतानाही रेस कमी करून मगच बंद करावे.

आता निगा. काळ्या रानातली धूळ हा इंजिनाचा पहिला शत्रू. हवेची गाळणी कामाच्या दिवशी रोज पाहावी. स्पंजची असेल तर साबणाच्या पाण्यात धुऊन पूर्ण वाळवून बसवावी. गाळणी काढून इंजिन कधीही चालवू नये. सिलिंडरवरील पंखांत अडकलेला कचरा काढावा. साधारण २५ तासांनी प्लग उघडून पाहावा. टोक विटकरी असेल तर सर्व ठीक. काळे व ओले असेल तर ऑईल जास्त किंवा गाळणी बंद. पांढरे असेल तर इंजिन फार तापते आहे, काम थांबवून मिस्त्रीला दाखवावे. हंगामात एकदा सायलेन्सरची काजळी काढून घ्यावी.

इंजिन सुरू होत नसेल तर दोरी ओढत बसू नये. पेट्रोल येते का, ठिणगी पडते का, हवा मिळते का, हे याच क्रमाने पाहावे. प्लग भिजला असेल तर पुसून, वाळवून बसवावा.

सोयाबीनची फवारणी संपली की पंप तुरीपर्यंत पडून राहतो. आजच्या पेट्रोलमध्ये २० टक्क्यांपर्यंत इथेनॉल असते व ते हवेतील ओल ओढते. जुने पेट्रोल कार्बुरेटर बिघडवते. म्हणून टाकी रिकामी करावी आणि आपोआप बंद पडेपर्यंत इंजिन चालवावे. प्लगच्या छिद्रात टू-टी ऑईलचे चार थेंब सोडून दोरी दोनदा हळू ओढावी व प्लग बसवावा.

शेवटी जिवाची गोष्ट. इंजिन गार झाल्याशिवाय पेट्रोल भरू नये, जवळ विडी पेटवू नये, बंद खोलीत इंजिन चालवू नये. या पंपाचे तुषार बारीक असतात, ते सहज अंगावर व श्वासात येतात. किनवट-माहूरला लागूनच असलेल्या यवतमाळ जिल्ह्यात २०१७ साली कापसावर फवारताना विषबाधा होऊन अनेक शेतकरी व मजूर दगावले. म्हणून वाऱ्याच्या दिशेनेच फवारावे, तोंडाला मास्क, हातात मोजे व अंगभर कपडे असावेत. पंप मजुराच्या पाठीवर असेल, तर हे सारे त्यालाही आपणच द्यावे.

इंजिन बिघडले तर दुरुस्त होते, माणूस गेला तर परत येत नाही. दोघांचीही निगा राखा.